मागेन शालोम : कराचीतल्या मराठी यहुद्यांच्या मशिदीचे प्रकरण

१९०७ साली छापलेल्या सिंध गॅझेटियरमध्ये यहुद्यांना फार जागा दिलेली नाही. १९०१ च्या खानेसुमारीत सिंधमध्ये ४२८ यहुदी मोजले गेले, ते खरे म्हणजे सगळे कराचीतलेच आणि त्यांतले बरेचसे बेने इस्रायल समाजाचे, एवढी माहिती देऊन गॅझेटियर पुढे सरकते. मराठी वाचकाने मात्र इथे थांबायला हवे. बेने इस्रायल म्हणजे अलिबाग, पेण, पनवेल, रोहे या पट्ट्यातले, घरात मराठी बोलणारे, बायका नऊवारी नेसणाऱ्या, आडनावाच्या शेवटी 'कर' लावणारे लोक. दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, कामार्लेकर. असे लोक त्या काळी कराचीत नांदत होते. त्यांची तिथे स्वतःची मशीद होती आणि तिचे नाव मागेन शालोम, म्हणजे शांतीची ढाल.

मशीद हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. सिनेगॉग हा शब्द या समाजाच्या तोंडी उशिरा आला. जुनी माणसे आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचे १७९६ चे शाआर हारहामीम आजही 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाते. तिथून जवळच्या रेल्वे स्टेशनाला मस्जिद हे नाव तिच्यावरूनच पडले, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात.

कराचीची मागेन शालोम आज उभी नाही. जुलै १९८८ मध्ये ती पाडली गेली आणि त्या जागी दुकानांची इमारत आली. मात्र त्याच नावाची दुसरी वास्तू इस्रायलमधल्या रामला गावात आहे आणि ती कराचीहून गेलेल्या लोकांनीच बांधली. एकाच समाजाने दोन देशांत एकाच नावाने दोन मशिदी उभारल्या, त्यातली पहिली गेली आणि दुसरी राहिली. हे प्रकरण मला तपशिलात लिहावेसे वाटले याचे कारण एकच. कराचीतला हा समाज संपला त्याचे खापर १९४८ वर किंवा १९८८ वर फोडले जाते. दोन्ही वर्षे महत्त्वाची आहेतच. पण मूळ घाव वेगळाच होता आणि तो फार आवाज न करता बसला. हा समाज मुंबईच्या बोटीवर जगत होता. ती वाट आधी अरुंद झाली आणि मग बंद पडली.

शनिवार तेल्यांची नातवंडे

बेने इस्रायलांची मूळ कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली, अशी ती परंपरा. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. नक्की आहे ते असे की कोकणातल्या खेड्यांत हे लोक घाण्यावर तेल काढत, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. धर्मग्रंथ हाताशी नव्हते. मात्र सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, खाण्यातले विधिनिषेध आणि 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घट्ट धरून ठेवले होते.

अठराव्या शतकात त्यांनी घाणा सोडून मुंबईची वाट धरली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत भरती झाले. जुनी मशीद बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे कंपनीच्या सैन्यातलेच. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर मशीद बांधीन असा नवस त्यांनी केला होता आणि तो फेडला, असे समाजात सांगितले जाते. पलटणीनंतर गोद्या, रेल्वे, पोस्ट-तार, इस्पितळे, म्युनिसिपालिट्या अशी खाती आली. पगार, पेन्शन आणि बदली ही तीन चाके या समाजाच्या गाड्याला तेव्हा लागली, आणि कराची हे त्या गाड्याने गाठलेले एक दूरचे ठाणे होते.

इंग्रजांनी १८४३ साली सिंध घेतला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. या एका प्रशासकीय निर्णयाने कराची कागदोपत्री मुंबईच्या घरातली खोली झाली. मुंबईचा कारकून कराचीत बदलून जाई, तो परदेशी जात नसे. वाट समुद्राची होती, आगबोट दीड-दोन दिवसांत पोचवी. १८६१ साली कराची ते कोटरी रेल्वे सुरू झाली, बंदर वाढले आणि इंग्रजी लिहिता येणाऱ्या, मोजणी येणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या माणसांची गरज वाढली. मराठी माणसे तिथे आधीच पोचली होती. कराचीतली १८५५ पासूनची जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने चालते, आणि वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यातले मराठी अधिकारी. त्याच ओघात कोकणातले बेने इस्रायल तिथे गेले. १८८१ साली सिंधमध्ये १५३ यहुदी होते. वीस वर्षांत ते ४२८ झाले आणि १९१९ च्या सुमारास साडेसहाशेच्या घरात गेले.

कराची शहराची वस्ती १९०१ साली सव्वा लाखाच्या आत होती. त्यात सव्वाचारशे म्हणजे अगदी मूठभर. पण ही मूठ विखुरलेली नव्हती. एकाच प्रांतातून, एकाच भाषेतून, बहुतेक एकाच तऱ्हेच्या नोकरीतून आलेली ही माणसे एकमेकांची सोयरी होती. मुंबईत आणि पुण्यात बगदादी यहुद्यांच्या श्रीमंत पेढ्या होत्या, त्यांच्या वेगळ्या मशिदी होत्या आणि बेने इस्रायलांना बरोबरीने वागवण्यात त्यांनी बराच हात आखडता घेतला. रंगूनला तर तो वाद १९३० च्या दशकात कोर्टापर्यंत गेला. कराचीत हा जाच नव्हता. तिथली मशीद पहिल्यापासून बेने इस्रायलांची. देणगीदार त्यांचा, मुकादम त्यांचा आणि हिशेबाची वहीही त्यांचीच.

मोजणीदाराची मशीद

मशीद बांधली उमरडेकर घराण्याने, १८९३ साली. घराण्यातले सॉलोमन डेव्हिड हे कराची म्युनिसिपालिटीत सर्व्हेअर होते आणि यहुदी समाजाचे अध्यक्षही. कराचीच्या मेवाशाह कबरस्तानातल्या त्यांच्या थडग्यावर दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, आधी नोकरी आणि मग अध्यक्षपद. मला हा क्रम फार बोलका वाटतो. या समाजात सावकार नव्हते, जहाजमालक नव्हते. शहराचे रस्ते, गटारे आणि प्लॉट यांची साखळी-टेपने मोजणी करणारा माणूस इथला पुढारी होता. कुठल्या भागात कोणाची जमीन, कुठे पाणी येणार, कुठे रस्ता रुंद होणार हे ज्याला ठाऊक, त्याच्या घराण्याने देवघराची जागा निवडली, हा योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

जागा होती रणछोड लाइनमध्ये. हा कराचीतला गजबजलेला देशी भाग, जैसलमेरकडून आलेल्या सिलावट दगडफोड्यांचा, गुजराती-कच्छी बोलणाऱ्यांचा. छावणीतल्या गोऱ्यांपासून दूर आणि शेजारी सगळे बाहेरून पोट भरायला आलेले. कोकणातून आलेल्या कारकुनाला अशा मोहल्ल्यात भाड्याची खोली मिळे, आणि शब्बाथच्या दिवशी गाडीघोडा वर्ज्य असल्याने मशीद पायी गाठता येणे गरजेचेच होते. ज्याने हा नियम पाळायचा, त्याचे घर मशिदीच्या आसपास असणे भाग आहे. म्हणून मशीद उभी राहिली की तिच्याभोवती वस्ती दाट होते. हे तंत्र जगभरच्या स्थलांतरित यहुद्यांनी वापरले आहे, कराचीही त्याला अपवाद नव्हती.

बेने इस्रायल मशिदीची आतली रचना ज्यांनी अलिबागला इस्राएल आळीत किंवा ठाण्याला टेंभी नाक्यावर पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे ती लगेच उभी राहील. पश्चिम भिंतीला, म्हणजे यरुशलेमच्या दिशेला, हेखाल हे कपाट आणि त्यात पडद्यामागे ठेवलेले सेफेर तोरा, म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. मधोमध तेबा हा कठड्याचा चौथरा, त्यावर उभा राहून हज्जान प्रार्थना म्हणतो. स्त्रियांना वेगळी जागा. छताला टांगलेले तेलाचे दिवे, त्यातले कितीतरी कोणाच्या तरी नवसाचे किंवा कोणाच्या तरी आठवणीचे. कारभाराची उतरंड जवळजवळ गावकीसारखी, मुकादम, चौगुला, हिशेब ठेवणारा गबई, प्रार्थना चालवणारा हज्जान आणि झाडलोट, दिवाबत्ती, निरोप यांचा भार वाहणारा शमाश. मुकादम आणि चौगुला हे शब्द पाहा. कोकणातल्या गावाचा सगळा सांगाडाच इथे मशिदीत येऊन बसला आहे.

बोटीतून काय काय येई

या समाजाचे वर्ष यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याभोवती फिरते. सण यहुदी, पण त्यांची नावे कोकणातल्या घरांनी ठेवलेली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यापाठोपाठ खिरीचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. पांढरे कपडे, कडक उपास, दारे बंद, त्या दिवशी बाहेरच्यांत मिसळायचे नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि एकमेकांच्या घरी जाणे. तिशा बआव म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी उपास सोडायला वालाचे बिरडे.

या मोठ्या दिवसांत कराचीची मशीद फक्त कराचीची राहत नसे. हैदराबाद (सिंध), सक्कर, लारकाना, मीरपूर खास इथे नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबे प्रार्थनेसाठी कराचीला येत. नकाशावर ही गावे पाहिली तर बरीचशी रेल्वेच्या मार्गावर पडतात. एरवी एखाद्या स्टेशनच्या गावात एकटे पडलेले कुटुंब वर्षातून एकदा आपल्या माणसांत येई. मुलामुलींची स्थळे तिथेच पाहिली जात असणार, बदलीची बातमी तिथेच कळत असणार, मुंबईहून आलेली पत्रे हातोहात फिरत असणार. लहान समाजात सण म्हणजे वार्षिक सभाच.

आता बोटीकडे येऊ. प्रार्थनेची भाषा हिब्रू, पण ती समजून घेण्याची भाषा मराठी. ते काम मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी केले. पेसाह या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली, पुढे १८७४ मध्ये पुण्याला सचित्र निघाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणण्यात आयुष्य घालवले. १८८० पासून बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली, अगदी आपल्या हरिकीर्तनाच्या धाटणीची. अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने साकी-दिंडीत. कराचीत यातले काही छापले जात नव्हते. पुस्तक मुंबईचे, हज्जान मुंबई-कोकणातला, नवरी मुंबईची किंवा अलिबागची, म्हातारपणी परतायचे तर तेही तिकडेच. कराचीतला बेने इस्रायल माणूस कराचीत कमवत होता, पण त्याचा धर्म, त्याची भाषा आणि त्याचे सोयरीक-संबंध बोटीने येत होते.

एक विधी मात्र बोटीवर किंवा मशिदीवर अवलंबून नव्हता, तो म्हणजे मलिदा. ठाण्याला एका घरी मी तो पहिल्यांदा पाहिला. जमिनीवर पांढरी चादर, मधे मोठे तबक. त्यात भिजवलेले पोहे, गूळ आणि ओले खोबरे एकत्र कालवून केलेला ढीग, वर बेदाणे, बदामाचे काप, गुलाबाच्या पाकळ्या. कडेने पाच तऱ्हेची फळे, त्यांत खजूर हवाच. सब्जाची एक डहाळी हातोहात फिरली, प्रत्येकाने तिचा वास घेऊन आशीर्वाद म्हटला. मग सगळ्यांनी एका सुरात 'एलियाहू हन्नाबी' हे एलिया नबीचे गाणे धरले. एलिया नबीला केलेला नवस फेडायचा असो, लग्नाआधीचा दिवस असो किंवा नवी जागा घेतलेली असो, मलिदा होतो. जगातल्या इतर यहुद्यांना हा विधी या रूपात ठाऊक नाही. एलिया नबीचा रथ कोकणात अलिबागजवळच्या खंडाळा गावच्या खडकावर उतरला, ही श्रद्धा त्यामागे आहे. जवळच्या कोणाच्याही घरात, कोणत्याही शहरात, पोहे आणि नारळ मिळाला की मलिदा होतो. हे लक्षात ठेवावे, शेवटी त्याचा संबंध येणार आहे.

भाड्याची घरे आणि खेळाचे मैदान

विसाव्या शतकाच्या आरंभी या मंडळींनी मशिदीभोवती संस्थांचे जाळे विणले. १९०३ साली तरुणांची यहुदी संघटना निघाली, तिच्या उद्देशांत खेळांना धर्माइतकेच वजन होते. गरिबांना मदत करणारा कराची बेने इस्रायल रिलीफ फंड होता. १९१८ मध्ये कराची ज्यूइश सिंडिकेट स्थापन झाले, गरीब यहुद्यांना परवडणाऱ्या भाड्यात घरे मिळवून देणे हे त्याचे काम. त्याच वर्षी जेकब बापूजी इस्राएल आणि डेव्हिड एरुलकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय इस्राएलाइट लीग ही बेने इस्रायलांची देशव्यापी संघटना सुरू झाली, तिच्याशीही सिंधचा समाज जोडलेला होता.

मला यात सिंडिकेट सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. साडेसहाशे माणसांच्या समाजाने स्वतःच्या गरिबांच्या भाड्याची काळजी करणे म्हणजे 'आम्ही इथे राहणार आहोत' असे ठरवणे. बदलीवर आलेला माणूस भाडे भरतो आणि निघून जातो. ज्याला मुलाबाळांसह तिथेच म्हातारे व्हायचे आहे, तोच असल्या योजना करतो. १९३६ साली अब्राहाम रूबेन कामार्लेकर कराचीच्या महापालिकेत नगरसेवक झाले. अलिबाग तालुक्यातल्या कामार्ल्याचे नाव लावणारा माणूस सिंधच्या राजधानीत नगरसेवक. मोजणीदारापासून नगरसेवकापर्यंत हा प्रवास साधारण चार दशकांचा.

आणि त्याच १९३६ च्या १ एप्रिलला सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला.

त्या दिवशी कराचीत कोणाचे काही बिघडले नाही. बोटी चालू होत्या, पत्रे येत होती. पण नोकरीच्या वाटा बदलल्या. इलाखा एक होता तोवर मुंबईच्या खात्यातला तरुण कराचीला सहज बदलून जाई आणि तिथल्या प्रार्थनेत एक नवा गळा वाढे. सिंधचे सरकार वेगळे झाल्यावर नोकरभरती सिंधची झाली. नवे रक्त येण्याचा नळ इथे पहिल्यांदा आवळला गेला, असे माझे मत आहे. जे आधीच होते त्यांनी समाज टिकवला, पण कोकणातून येणारी पुढची तुकडी आता निश्चित नव्हती.

परवाना, पासपोर्ट आणि दहा माणसे

१९४७ नंतर गोष्टी झपाट्याने घडल्या. १९४१ साली सुमारे साडेचार लाख वस्तीचे कराची १९५१ पर्यंत दहा लाखांच्या पुढे गेले. हिंदू मोठ्या संख्येने निघाले, ६ जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर तर ओघच लागला. त्यांच्याबरोबर कराचीतली बहुतेक मराठी कुटुंबेही गेली. ज्या मिश्र शहरात बेने इस्रायल हा अनेकांतला एक रंग होता, तो पटच उचलला गेला. मे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि कराचीतल्या यहुद्यांवर राग निघाला, हल्ले झाले. तोवर शेजाऱ्यांच्या नजरेत ते मुंबईकडचे लोक होते. आता एका शत्रुराष्ट्राशी त्यांची गाठ बांधली गेली, जे राष्ट्र त्यांतल्या जवळजवळ कोणीही पाहिलेले नव्हते.

पण या सगळ्यापेक्षा समाजाच्या मुळावर घाव घातला तो दोन कागदांनी. जुलै १९४८ मध्ये भारत-पाकिस्तान येण्याजाण्यावर परवाना पद्धत आली. ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे झाले. मुंबईची बहीण आता परदेशात राहत होती. अलिबागची मुलगी कराचीला द्यायची म्हणजे तिला दुसऱ्या देशाची नागरिक करायची. कोणता बाप हे करील? कराचीचा मुलगा मुंबईला स्थळ बघायला आला की परत जायचे की नाही, याचा विचार त्याच्या डोक्यात येणारच. प्रत्येक लग्न हा देश निवडण्याचा प्रश्न झाला, आणि अशा प्रत्येक प्रश्नाला कराचीच्या बाजूने उत्तर मिळणे कठीण होते. १९५६ च्या सुएझ युद्धाने आणि १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाने वातावरण आणखी तापले. १९६५ च्या भारत-पाक युद्धाने मुंबईची वाट जवळपास पुसली.

यहुदी सार्वजनिक प्रार्थनेला दहा सज्ञान पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ जमले तर तोरा बाहेर काढून वाचता येत नाही, मृताच्या नातेवाइकाला कद्दीश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. हा हिशेब निष्ठुर आहे. हजारांचा समाज शंभर माणसे गमावून सावरतो. लहान समाजात दहावा माणूस लंडनला मुलाकडे गेला की शनिवारची सकाळ शांत होते. १९६८ च्या सुमारास पाकिस्तानात अडीचशेच्या आसपास यहुदी उरले होते, जवळजवळ सगळे कराचीत, आणि मशीद एकच. अडीचशेत मिन्यान जमतो, पण त्यातले किती तरुण, किती म्हातारे आणि किती जण सामानाची बांधाबांध करून बसलेले, यावर सगळे अवलंबून. ज्या समाजात मुलांची लग्ने गावात लागू शकत नाहीत, त्याचे वय दरवर्षी एका वर्षापेक्षा जास्त वाढते.

इथे मला अहमदाबाद आठवते. तिथेही कोकणातून आलेले बेने इस्रायल, तशीच सरकारी आणि रेल्वेची माणसे, तशीच लहान वस्ती. त्यांनी १९३४ साली मागेन अब्राहाम ही मशीद बांधली, नावातही तीच ढाल. अहमदाबादचा समाजही इस्रायलला गेलेल्या कुटुंबांमुळे आटला, पण मशीद उघडी राहिली. कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड याच समाजाचे. तिथली कुटुंबे मुंबईच्या रात्रीच्या गाडीने लग्नाला येऊ-जाऊ शकत होती, ठाण्याहून पुस्तके आणि पाहुणे आणू शकत होती. दोन शहरांतल्या दोन मशिदी, एकाच घरातून निघालेल्या. माझ्या मते दोघींच्या नशिबातला मोठा फरक त्या रात्रीच्या गाडीचा आहे. कराचीतल्या द्वेषाला मी कमी लेखत नाही. पण द्वेष नसता आणि फक्त सीमा असती, तरीही हा समाज तिथे तीन पिढ्यांपलीकडे टिकला असता असे मला वाटत नाही.

१९८८

जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीच्या अखेरच्या दिवसांत, जुलै १९८८ मध्ये, रणछोड लाइनमधली मागेन शालोम पाडण्यात आली. नियमित प्रार्थना तिथे त्याआधीच थांबली होती. दहा पुरुष जमत नव्हते. मोडकळीला आलेली, मोक्याच्या जागेवरची, मालकीचा दावा लढायला माणसे नसलेली अशी ती इमारत होती. जागेवर मदीहा स्क्वेअर नावाची दुकानांची आणि घरांची इमारत उभी राहिली.

प्रार्थनास्थळ पाडणे ही गोष्ट मला क्षमा करण्यासारखी वाटत नाही. ज्या शहराच्या रस्त्यांची मोजणी या समाजातल्या माणसाने केली, त्या शहरात त्याच्या घराण्याने बांधलेल्या भिंतींचा एक कोपराही ठेवू नये, ही कृतघ्नता आहे. पण अभ्यास म्हणून पाहिले तर त्या जुलैत पडल्या त्या भिंती. समाज तिथून आधीच निघून गेला होता, आणि कुठे गेला हे शोधणे फारसे अवघड नाही.

रामला

पाकिस्तानी पासपोर्टवर इस्रायल सोडून बाकी सर्व देशांसाठी वैध असा शेरा असे. त्यामुळे थेट जाणे शक्य नव्हते. कोणी मुंबईला आले आणि तिथून गेले, कोणी इंग्लंडला थांबले, कोणी कॅनडात राहिले. इस्रायलला पोचलेल्या कराचीकरांपैकी बरेच जण रामल्यात स्थिरावले. तेल अवीवच्या आग्नेयेला, लोदला लागून असलेले हे जुने अरबी शहर. लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांत बेने इस्रायलांच्या वस्त्या आहेत.

तिथे त्यांना आणखी एका परीक्षेतून जावे लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलांच्या लग्नांवर शंका काढल्या. तुमच्या आज्या-पणज्यांचे घटस्फोट यहुदी कायद्याप्रमाणे झाले होते का, असा प्रश्न. ज्या लोकांनी कोकणात शनिवारी घाणा थांबवून ओळख जपली, त्यांना आपले यहुदीपण सिद्ध करायला सांगितले गेले. लोक रस्त्यावर उतरले, धरणे धरले, आणि १९६४ साली त्या देशाच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, असा ठराव केला. कराचीतून आलेल्या कुटुंबांनी हा तिसरा धक्का सोसला. पाकिस्तानात ते इस्रायलचे ठरले आणि इस्रायलमध्ये कोकणचे.

त्यांनी रामल्यात मशीद बांधली तेव्हा नाव नवे शोधले नाही. रणछोड लाइनमधल्या मशिदीचे नाव त्यांनी दारावर लावले : मागेन शालोम. इस्रायलमधल्या बेने इस्रायल घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी आजही मलिदा होतो. जमिनीवर पांढरी चादर अंथरतात, तबकात पोहे, गूळ आणि खोबरे कालवतात, आणि हिब्रू बोलणारी नातवंडे आजीच्या सुरात 'एलियाहू हन्नाबी' धरतात.

कराचीच्या मेवाशाह कबरस्तानातला यहुद्यांचा भाग अजून शिल्लक आहे. झाडोरा वाढला आहे, बऱ्याच शिळा फुटल्या आहेत. एका स्थानिक मुसलमान कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण केली आहे. तिथल्या थडग्यांत म्युनिसिपालिटीच्या सर्व्हेअरचे थडगे आहे.